दुष्काळ आमच्या नावावर मांडू नका



आपल्या नावाच्या दोन वह्या चालू आहेत. एक बँकेत, दुसरी विमा कंपनीत. बँकेच्या वहीत कर्ज कधी उचलले, कधी फेडले, किती दिवस थकले याची नोंद असते. कंपनीच्या वहीत आपल्या महसूल मंडळाला कोणत्या वर्षी किती भरपाई द्यावी लागली याची नोंद असते. पहिल्या वहीवरून आपली पत ठरते, दुसरीवरून विम्याचा दर ठरतो. या दोन्ही वह्यांत पाऊस न पडल्याचा दोष शेतकऱ्याच्या नावावर मांडला जातो. या बैठकीत चर्चेला ठेवलेला प्रश्न हाच आहे.

विमा नको असे आमचे म्हणणे नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्याइतकी विम्याची गरज दुसऱ्या कोणाला नसेल. मागचा हिशेब न पाहता विमा चालत नाही, हेही आम्हाला कळते. पण हिशेब कोणाचा, तो कोणी मोजला आणि त्याची वसुली किती वेळा व्हायची, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

मोटारसायकल आणि पऱ्हाटी

आपल्यापैकी पुष्कळांकडे मोटारसायकल आहे. तिच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते. पाच वर्षे मागितली नाही तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एकदा भरपाई घेतली की सूट शून्यावर येते. यात निदान काही न्याय आहे. गाडी जपून चालवणे बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या हातात असते आणि नोंदही त्याच्या एकट्याच्या गाडीची असते.

आता हेच तत्त्व पऱ्हाटीला लावून पाहा. मृगात पेरले, पावसाने महिनाभर ओढ दिली, बोंडे धरायच्या वेळी जमीन भेगाळली. यात शेतकऱ्याने जपून काय चालवायचे होते? शिवाय नोंद तुमच्या शेताची नसतेच, ती मंडळाची असते. एकाच मंडळात नदीकाठची भारी काळी जमीन असते आणि टेकडीखालचे बरडही असते. दोन्हींची मिळून एक सरासरी निघते आणि ती दोघांच्याही नावावर लागते. बरडवाल्याचे नुकसान सरासरीत झाकले जाते. भारी जमिनीवाल्याने दहा वर्षे काही मागितले नाही, तरी त्याला सूट कोणी देत नाही. मोटारसायकलवाल्याला चांगल्या वर्षांचे बक्षीस आहे, शेतकऱ्याला फक्त वाईट वर्षांची शिक्षा आहे.

हे असे का झाले?

१९७२ साली गुजरातमध्ये एच-४ कापसासाठी देशातला पहिला पीक विम्याचा प्रयोग झाला. तो शेतकरीनिहाय होता. पुढे तो महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला आणि १९७८-७९ पर्यंत चालला. एकूण ३,११० शेतकऱ्यांनी भाग घेतला, हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. विमेवाल्यांनी हात वर केले. तेव्हा पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी क्षेत्रनिहाय विम्याची मांडणी केली. एकेका शेतात जाऊन पाहणी करणे परवडत नाही, म्हणून सारख्या हवामानाचा टापू घ्या, त्याचे उत्पादन मोजा आणि कमी आले तर टापूतल्या सगळ्यांना भरपाई द्या. १९७९ पासून त्याचे प्रयोग सुरू झाले आणि १९८५ साली देशभर योजना आली. तीत ज्वारी होती, कापूस नव्हता.

कापूस आला १९९९-२००० च्या रब्बीपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत. तिथे एक भेद केला गेला, तो ध्यानात ठेवा. खरीप ज्वारीला देशभर जास्तीत जास्त २.५ टक्के हप्ता. सोलापूर असो की कोल्हापूर, यापुढे दर चढत नव्हता आणि हप्त्यापेक्षा भरपाई जास्त झाली तर वरचा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलत होते. कापूस मात्र 'व्यापारी पीक' ठरला आणि त्याला त्या त्या भागाच्या मागच्या नुकसानीवरून दर लागला. ज्याला सर्वांत जास्त जोखीम, त्याच्याच गळ्यात इतिहास अडकवला. २०१६ च्या खरिपात प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि कंपन्यांनी निविदा भरून दर ठरवण्याची हीच रीत ज्वारीसकट सगळ्या पिकांना लागली.

एका दुष्काळाची दोनदा वसुली

हे गणित नीट समजून घ्या. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, रीत खरी आहे.

एक मंडळ पाण्याखालचे. सात वर्षांत एकरी कापूस ६, ५, ५, ६, ४, ५, ४ क्विंटल. सातांतली चांगली पाच वर्षे धरायची, म्हणजे सरासरी ५.४. आपल्या राज्यात जोखीमस्तर ७० टक्के. म्हणून उंबरठा उत्पादन ३.७८. मंडळाचे उत्पादन याच्या खाली गेले तरच भरपाई. सात वर्षांत ते एकदाही खाली गेले नाही. कंपनीच्या वहीत हे मंडळ 'चांगले गिऱ्हाईक'.

दुसरे मंडळ कोरडवाहू. उत्पादन ६, ३, ५, २, ६, ४, ५. चांगल्या पाच वर्षांची सरासरी ५.२, उंबरठा ३.६४. तीन क्विंटलच्या वर्षी शंभर रुपये विमा रकमेला सुमारे साडेसतरा रुपये भरपाई बसते, दोन क्विंटलच्या वर्षी ४५ रुपये. दोन्हींची बेरीज सात वर्षांवर पसरली की वर्षाला सुमारे ९ रुपये. म्हणजे मुळातला दरच ९ टक्के. त्यावर कंपनीचा खर्च, नफा आणि 'उद्या याहून वाईट झाले तर' म्हणून आणखी चढ. कंपन्या याहून जास्त वर्षांचा आणि बारीक हिशेब धरतात, पण जोड याच रीतीची.

आता दोन्ही मंडळे शेजारी ठेवा. कोरडवाहू मंडळाची हमी कमी आणि दर जास्त. सरासरी काढताना दोन वाईट वर्षे गाळतात, ही सवलत आहे, मान्य. पण दर काढताना तीच दोन वर्षे पुरेपूर मोजतात. आणि दुष्काळ लागोपाठ आला तर सवलतही संपते. याच मंडळात आणखी दोन वर्षे अडीच क्विंटलची धरा, एक सहाच्या आणि एक पाचच्या जागी. सरासरी ४.१ वर येते, उंबरठा २.८७ वर. मग ज्या शेताने पाच-सहा क्विंटल दिले तिथे तीनच पिकले तरी विमा सांगतो, तुमचे नुकसान झालेच नाही!

म्हणजे जितके दुष्काळ जास्त, तितके संरक्षण कमी. ही विम्याची व्याख्या कोणत्या पुस्तकात आहे?

'हप्ता सरकार भरते, तुम्हाला काय?'

साहेब लोक हा प्रश्न हमखास विचारतात. २०१६ पासूनच्या नियमाने शेतकऱ्याचा वाटा खरीप अन्नधान्य व गळितासाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि कापसासारख्या पिकांसाठी ५ टक्के एवढाच आहे. वरचा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलते. मग दर ९ टक्के झाला काय किंवा २५ झाला काय, तुमच्या खिशाला झळ कुठे?

झळ हप्त्याच्या पावतीवर दिसत नाही, ती संरक्षणात लागते. तीन दाखले देतो.

पहिला. २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या वाट्याला मर्यादा घातली. कोरडवाहू क्षेत्रात ३० टक्क्यांपर्यंतच्या आणि बागायतीत २५ टक्क्यांपर्यंतच्या दरावरच केंद्र आपला हिस्सा देणार, त्याहून जास्त दराचा बोजा राज्याने सोसायचा. ज्या भागाचा इतिहास सर्वांत वाईट, तोच राज्याच्या तिजोरीला महाग झाला. ज्याचे दुखणे मोठे, त्याचाच औषधाचा खर्च डोळ्यांवर आला.

दुसरा. त्याच २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी निविदा निघाल्या तेव्हा कंपन्या पुढे आल्या नाहीत. का? जिल्ह्याची भरपाईची वही वाईट. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीला गळ घालून ८०:११० ची अट काढावी लागली. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा, आणि भरपाई कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. गंमत अशी की पहिल्याच हंगामात भरपाई हप्त्याच्या मानाने अगदी थोडी निघाली. वाईट गिऱ्हाईक म्हणून ज्याला दारातून परत पाठवले, त्याच्याच हप्त्यातून पैसा उरला. २०२२ मध्ये हीच पद्धत राज्यभर लागू झाली.

तिसरा दाखला ताजा आहे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा दिला. २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली. शेतकऱ्याचा २, १.५ आणि ५ टक्के वाटा परत आला, त्याबरोबर संरक्षणही कापले गेले. पेरणीच न होणे, हंगामातली आपत्ती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान, या चारही बाबी २०२५ च्या खरिपात वगळल्या. फक्त पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर भरपाई ठेवली. आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. छत्री परत घ्यायला यांना नेमके तेच वर्ष सापडले.

चोर वेगळा, नाव आपले

एक रुपयाची योजना बंद करताना मोठे कारण सांगितले ते बोगस अर्जांचे. लाखो अर्ज खोटे निघाले, सरकारी जमिनीवर आणि देवस्थानच्या जमिनीवरही विमा उतरवलेला सापडला. खोटा अर्ज करणाऱ्याला पाठीशी घालण्याचे आम्हाला कारण नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल करा. पण वहीचे काय?

मंडळात पेरा हजार हेक्टर आणि विमा दीड हजार हेक्टरवर. त्या खोट्या पाचशे हेक्टरवर भरपाई गेली असेल, तर ती आपल्याच मंडळाच्या खात्यावर लिहिली गेली. पुढच्या निविदेत त्या आकड्यावरून दर चढला, संरक्षण कापले गेले. घोटाळा झाला हे सरकारने मान्य केले, तर त्या घोटाळ्याचे आकडे आपल्या इतिहासातून खोडले का? हा प्रश्न कोणी विचारलेला आम्ही ऐकला नाही. म्हणून आपण विचारायचा.

मोजणीचीही तीच कथा. कापूस ज्वारीसारखा एका दिवसात कापून वजन करता येत नाही. त्याच्या वेचण्या होतात. पहिली वेचणी चांगली निघते, पुढच्या गुलाबी बोंडअळी खाते. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात हेच झाले. निवडलेल्या शेतातल्या प्रत्येक वेचणीचे वजन झाले नाही आणि उरलेल्याचा आकडा अंदाजाने भरला, तर मंडळाचे उत्पादन कागदावर फुगते. शेतकरी भरपाईला मुकतो. तेव्हा वजनाच्या वेळी काट्याशेजारी उभे राहा. तो आकडा एका वर्षाची भरपाई ठरवतो आणि पुढची सात वर्षे वहीत बसून राहतो.

बँकेची वही

आता दुसरी वही. खरिपाचे पीककर्ज ३१ मार्चला भरायचे. वेळेवर भरले तर व्याजात सवलत, थकले तर सवलत गेली. कापसाच्या वेचण्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतात. त्यानंतर प्रयोगांचे आकडे गोळा होणार, सरकारचा हिस्सा कंपनीला पोचणार, मग भरपाई. मार्च सहज उलटून जातो. पीक गेले म्हणून भरपाई पाहिजे आणि भरपाई आली नाही म्हणून कर्ज थकले. थकबाकीची नोंद मात्र शेतकऱ्याच्या नावावर होते!

२०१८ च्या सुधारित नियमांत भरपाईला उशीर केल्यास कंपनीने १२ टक्के व्याज द्यावे अशी तरतूद झाली. चांगले झाले. पण व्याजाने पतगुण परत येत नाहीत. सिबिलची नोंद ३०० ते ९०० गुणांत आपली लायकी सांगते. कर्जमाफीत तडजोडीने बंद झालेले खातेही तिथे 'सेटल्ड' म्हणून लागते, पूर्ण फेडलेले म्हणून लागत नाही. सरकारने टाळ्या घेऊन जाहीर केलेली माफी शेतकऱ्याच्या कपाळावर डाग होऊन बसते. मुख्यमंत्री बँकांच्या बैठकीत सांगतात की पीककर्जाला सिबिल मागू नका. गावच्या शाखेत जा आणि पाहा काय मागतात. बँकेने दार लावले की सावकाराचे दार उघडेच असते, आणि तो सिबिल विचारत नाही, सातबारा विचारतो.

या दोन वह्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर? ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून मोटारीच्या आणि घराच्या विम्याचा दर ठरवताना कर्जफेडीच्या नोंदीवरून काढलेले गुण वापरतात. सात वर्षांपर्यंतच्या भरपाईच्या मागण्यांचा अहवालही कंपन्या आपसांत पाहतात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००७ च्या अहवालात मान्य केले की हे गुण भरपाईचा अंदाज देतात, पण कमी गुणांच्या रांगेत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचे प्रमाण जास्त आहे. कॅलिफोर्निया, हवाई, मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी मोटार विम्यात अशा गुणांना बंदी केली. आपल्याकडे पतमाहिती कंपन्यांसाठी २००६ मध्ये केलेल्या नियमांत ही माहिती वापरू शकणाऱ्यांच्या यादीत विमा कंपन्याही आहेत. दार ठेवलेले आहे. पीक विम्यापुरते ते आजच बंद करून घेतले पाहिजे.

आणि अमेरिकेचाच दाखला द्यायचा तर पुरता द्या. तिथल्या पीक विम्यात शेतकऱ्याची हमी त्याच्या स्वतःच्या शेताच्या चार ते दहा वर्षांच्या उत्पादनावरून ठरवण्याची सोय आहे. त्याचे चांगले वर्ष त्याच्या नावावर जमा होते. इथे शेतकरी ओळखपत्र झाले, ई-पीक पाहणी झाली, बांधावरचा फोटो झाला. सरकारला आपल्याकडून सगळी माहिती पाहिजे. तिचा उपयोग आपल्याला पकडायला होतो, आपली चांगली वर्षे जमा धरायला होत नाही.

मग काय मागायचे?

काही जण म्हणतील, जोखीम जास्त तिथे दर जास्त, हा बाजाराचा नियम आहे. ठीक आहे. जे शेतकऱ्याच्या हातात आहे त्याचा दर लावा. पुरेशी ओल नसताना पेरले, शिफारस सोडून उशिरा पेरले, तर बोला. पण पावसाची जोखीम एका मंडळाने किंवा एका जिल्ह्याने का वाहायची? जोखीम वाटून घेणे म्हणजेच विमा. ज्याचे घर जळाले त्याच्याचकडून पुढच्या वर्षी वसूल करायचे असेल, तर ती उधारी झाली. २०१८ मध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, २०२३ मध्ये ४० तालुक्यांत. सरकार स्वतः ज्याला दुष्काळ म्हणते, तो शेतकऱ्याचा अवगुण कसा ठरतो?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे पुढील ठराव ठेवत आहोत.

१. प्रत्येक मंडळाची सात वर्षांची उत्पादने, उंबरठा, भरपाई आणि निविदेत आलेला दर पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.

२. सरकारने जाहीर केलेली दुष्काळी वर्षे आणि बोगस ठरलेले क्षेत्र दर ठरवताना वगळावे. अवर्षणाची जोखीम जिल्ह्याजिल्ह्यांत न तोडता राज्याच्या एका गंगाजळीतून वाहावी.

३. भरपाईचा इतिहास दाखवून संरक्षण कापू नये. २०२५ मध्ये काढलेल्या चारही बाबी कापूस आणि ज्वारीला परत मिळाव्यात.

४. कापसाच्या प्रत्येक वेचणीचे वजन शेतकरी प्रतिनिधीसमोर व्हावे आणि त्याची प्रत त्याच दिवशी मिळावी.

५. विम्याची भरपाई येणे बाकी असेल तोवर तेवढ्या रकमेची थकबाकी पतमाहितीत लिहू नये. पीक विम्याचा दर किंवा प्रवेश ठरवताना पतगुण वापरण्यास स्पष्ट मनाई असावी.

ठरावाने काम होत नाही, हे आपण इतक्या वर्षांत शिकलो आहोत. म्हणून बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कामे करून यावे. आपल्या मंडळाचे सात वर्षांचे उत्पादन तालुका कृषी कार्यालयाकडे लेखी मागावे. दिले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा आणि पोच सोबत आणावी. कर्ज नाकारले गेलेल्या प्रत्येकाने आपला पतअहवाल काढावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट दिलाच पाहिजे. चूक असेल तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि जे कर्जदार आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. तो नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचे. घ्यायचा की नाही हे हिशेब पाहून आपण ठरवू, बँकेचा शिपाई ठरवणार नाही.

त्यांच्याकडे आपली वही आहे. आता गावागावात आपली वही सुरू होऊ द्या. पेरणीची तारीख, पाऊस, वेचणीनिहाय वजन, हप्ता, भरपाई आणि ती आल्याचा दिवस, सगळे त्यात लिहा. पुढच्या हंगामात निविदा निघेल तेव्हा समोर दोन वह्या असतील, आणि हिशेब त्यांनाही द्यावा लागेल.